संगणकातला समुद्र: सागरी प्रवाह आणि हवामानाच्या मॉडेलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'समुद्राचं मॉडेल चालवतो' असं सांगितलं की समोरचा दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. पहिला, 'म्हणजे नेमकं काय करता?' आणि दुसरा, 'पुढच्या आठवड्यातला पाऊस सांगता येत नाही, मग पन्नास वर्षांनंतरचं कसं काय सांगता?' दुसरा प्रश्न चांगला आहे. त्याच्या उत्तरापर्यंत पोचायला आधी बराच समुद्र ओलांडावा लागतो.

मॉडेल म्हणजे समुद्राची छोटी प्रतिकृती का?

टाकीत पाणी भरून ती फिरवत केलेले प्रयोगही असतात आणि ते बघायला फार सुंदर दिसतात. इथे मात्र मॉडेल म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम. सगळ्या समुद्राचे पृष्ठभागापासून तळापर्यंत लाखो खोके पाडले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक खोक्याच्या नावावर मोजकेच आकडे असतात: पाणी किती गरम, किती खारट, कुठल्या दिशेला किती वेगानं जातंय. घड्याळ थोडं पुढे सरकवायचं आणि प्रत्येक खोक्यानं शेजाऱ्यांकडून किती पाणी, उष्णता आणि मीठ घेतलं, किती दिलं याचा हिशोब करायचा. मग पुन्हा घड्याळ पुढे. असं लाखो वेळा. कुठेही 'इथे गल्फ स्ट्रीम (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा वेगवान प्रवाह) काढ' असं लिहिलेलं नसतं. हिशोब बरोबर असेल तर तो आपोआप उमटतो, आणि पहिल्यांदा तो पडद्यावर उमटताना पाहणं हा या धंद्यातला मोठा आनंद आहे.

हा हिशोब कुठल्या नियमांनी होतो?

न्यूटनच्या गतीच्या नियमांनी. द्रवांसाठी त्यांचं जे रूप आहे त्याला नेव्हिअर-स्टोक्स समीकरणं म्हणतात. त्यात पृथ्वीच्या फिरण्यामुळे येणारा कोरिऑलिस परिणाम धरायचा, पाणी-उष्णता-मीठ हवेतून निर्माण होत नाही नि नाहीसं होत नाही ही अट घालायची, आणि तापमान, क्षारता व दाब यांवरून घनता काढायचं सूत्र द्यायचं. समीकरणं कागदावर एका पानात मावतात. ती हातानं सोडवता येत नाहीत, म्हणून संगणक.

थोडी सूटही घेतली जाते. समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला, पण सरासरी खोली जेमतेम ३,७०० मीटर. गोलावर चिकटवलेल्या कागदासारखाच म्हणा ना. त्यामुळे मोठ्या प्रवाहांचा विचार करताना उभ्या दिशेतली हालचाल सोपी करून घेता येते.

प्रवाह वारा चालवतो की पाण्याचा थंड-खारटपणा?

दोघंही, आणि या वाटणीवर अजून भांडणं होतात.

वाऱ्याची गोष्ट नॉर्वेचा ध्रुवशोधक नान्सेन याच्यापासून सुरू होते. १८९३ ते १८९६ या काळात 'फ्राम' जहाज आर्क्टिक बर्फात मुद्दाम अडकवून घेऊन तो वाहत गेला. बर्फ वाऱ्याच्या दिशेनं जात नाही, उजवीकडे झुकून जातो, हे त्याला दिसलं. स्वीडिश शास्त्रज्ञ एकमान यानं १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं: वारा वरच्या थराला ढकलतो, पृथ्वीचं फिरणं त्याला वळवतं, तो थर खालच्याला ओढतो, खालचा आणखी वळतो. या सगळ्या थरांची गोळाबेरीज केली तर उत्तर गोलार्धात पाणी वाऱ्याच्या बरोबर काटकोनात उजवीकडे सरकतं.

मग १९४८ मध्ये हेन्री स्टॉमेलनं एक जुनं कोडं सोडवलं. वेगवान, अरुंद प्रवाह नेहमी महासागराच्या पश्चिम काठालाच का? गल्फ स्ट्रीम घ्या, जपानजवळचा कुरोशिओ घ्या. त्यानं चौकोनी समुद्र घेतला, वर साधा वारा घातला आणि दोन उत्तरं काढली. कोरिऑलिस परिणाम सगळीकडे सारखा धरला तर प्रवाह दोन्ही बाजूंनी सारखाच येतो. तो विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे वाढतो असं धरलं (आणि तो खरंच वाढतो) की प्रवाह लगेच पश्चिमेला गोळा होतो. चौकोनी समुद्र! त्यात ना खंड, ना बेटं, ना तळाचे डोंगर. तरी उत्तर बरोबर. चांगलं मॉडेल म्हणजे सगळं काही भरलेलं मॉडेल, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेच उदाहरण देतो.

घनतेची बाजू वेगळी. लॅब्राडोर आणि ग्रीनलंडजवळच्या समुद्रांत हिवाळ्यात पाणी थंड होतं, ते आधीच खारट असतं, आणि जड होऊन खोल बुडतं. त्याची जागा घ्यायला दक्षिणेकडून वरच्या थरातलं कोमट पाणी येतं. अटलांटिकमधल्या या उभ्या चक्राला एमॉक म्हणतात. ते मोजायचं एकक स्वेर्ड्रुप, म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी. जगातल्या सगळ्या नद्या मिळून साधारण एक स्वेर्ड्रुप भरतात. एमॉक सुमारे सतरा.

खोके किती मोठे असतात?

इथे सगळ्या तडजोडी सुरू होतात.

बरीच हवामान मॉडेलं समुद्रासाठी सुमारे एक अंशाची जाळी वापरतात, म्हणजे विषुववृत्तावर ११० किलोमीटरचा खोका. समुद्रातली ऊर्जा मात्र बरीचशी भोवऱ्यांत असते, आणि हे भोवरे दहा ते शंभर किलोमीटरचे. म्हणजे समुद्रातलं 'हवामान' जाळीच्या छिद्रांतून गळून जातं. ध्रुवांकडे तर भोवरे आणखी लहान होत जातात. एक दशांश अंशाची जाळी घेतली की बहुतेक ठिकाणी ते दिसू लागतात, आणि नकाशा एकदम जिवंत वाटतो: आधी शाईच्या गुळगुळीत पट्ट्यासारखा दिसणारा प्रवाह आता वळवळतो, त्याला वेटोळी पडतात, ती तुटून वेगळी फिरत राहतात.

मग सगळे तसंच का करत नाहीत? खोक्याची बाजू निम्मी केली की पूर्व-पश्चिम दुप्पट खोके, उत्तर-दक्षिण दुप्पट खोके, आणि वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. काम आठपट. एक अंशावरून दशांश अंशावर जायचं म्हणजे हजारपट. शंभर वर्षांचा प्रयोग जो आठवड्यात व्हायचा, तो त्याच यंत्रावर पुरा व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागतील.

वेळेचं पाऊल लहान का करावं लागतं, तर एका पावलात कुठलीही लाट एका खोक्यापेक्षा पुढे जाता कामा नये. ही अट कूरां, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये, संगणक नव्हते तेव्हा, सांगून ठेवली. चार किलोमीटर खोल समुद्रात पृष्ठभागावरची लांब लाट सेकंदाला २०० मीटर जाते. प्रवाह स्वतः सेकंदाला मीटरभर, बऱ्याचदा त्याहून कितीतरी कमी. या एका चपळ लाटेसाठी सगळ्या मॉडेलला घाई करायला लावायची का? म्हणून तिचा हिशोब वेगळा, छोट्या पावलांनी करतात आणि उरलेला समुद्र निवांत चालवतात.

अट मोडली तर?

मॉडेल 'फुटतं'. माझा एक प्रयोग तीन दिवस नीट चालला. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर फाईलमध्ये आकड्यांच्या जागी सगळीकडे 'संख्या नाही' असा शेरा. मागे मागे जात शोधलं तर एका बेटाच्या कोपऱ्यात एकाच खोक्यातलं पाणी सेकंदाला अकरा मीटर धावत होतं. तिथल्या तळाचा आकडा शेजारच्या खोक्यांशी जुळत नव्हता, पाण्याला अरुंद फटीतून जावं लागत होतं. त्या एका खोक्यातून बिघाड शेजारी, तिथून पुढे, आणि काही तासांत अख्खा महासागर गेला. तो एक आकडा बदलला, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. बाहेरून हे काम तत्त्वचिंतनासारखं दिसतं. निम्मा वेळ ही असली प्लंबिंगची कामं असतात.

तळाचा नकाशा तर तयारच मिळत असेल ना?

मिळतो, पण समुद्राच्या तळाचा जेमतेम पाव भाग जहाजांवरच्या आधुनिक यंत्रांनी नीट मोजलेला आहे. बाकीचा उपग्रहांनी टिपलेल्या पृष्ठभागाच्या उंचसखलपणावरून काढलेला अंदाज आहे. पाण्याखालच्या डोंगराचं गुरुत्वाकर्षण वरच्या पाण्याला किंचित फुगवतं, त्यावरून.

आणि नकाशा अचूक असला तरी तो खोक्यांत बसवावा लागतो. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे १४ किलोमीटर. शंभर किलोमीटरच्या खोक्यात तिचं काय होणार? एक तर बुजून जाईल आणि भूमध्य समुद्र तळं बनेल, किंवा एकदम शंभर किलोमीटरचं खिंडार पडेल. ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्या मधल्या उंबरठ्यावरून जड पाणी अटलांटिकमध्ये उतरतं, तिथेही तीच अडचण. मग माणसं बसून हातानं तळ कोरतात. इथे एक खोका खोल करा, तिथला बुजवा, ही खिंड उघडी ठेवा. प्रत्येक मोठ्या मॉडेलमागे असा कोणीतरी असतो ज्याला जगातल्या सगळ्या सामुद्रधुन्या पाठ असतात.

उत्तर ध्रुवाचं काय करतात?

जमिनीवर नेऊन ठेवतात. सगळ्या रेखांशरेषा ध्रुवावर एकत्र येतात, तिथे खोके अतिशय अरुंद होतात आणि वरची वेगाची अट फास आवळते. दक्षिण ध्रुव अंटार्क्टिकाच्या जमिनीवर आहे, त्याची चिंता नाही. उत्तर ध्रुव मात्र भर समुद्रात. म्हणून जाळी अशी वाकवतात की तिला उत्तरेला दोन ध्रुव येतात, एक कॅनडाच्या आणि एक सायबेरियाच्या जमिनीवर. तिथे समुद्रच नाही, त्यामुळे हिशोबही नाही.

जे खोक्यात मावत नाही ते सोडून देतात का?

सोडून दिलं तर उत्तर चुकतं. म्हणून त्याचा सरासरी परिणाम सूत्रानं घालतात. मिठाचे कण एकमेकांत मिसळणं, लाटा मोडणं, तळाच्या डोंगरांवर भरती-ओहोटी आपटून पाणी ढवळलं जाणं, हिवाळ्यात पाणी बुडणं, हे सगळं असंच सूत्रांनी येतं.

भोवऱ्यांची गोष्ट बोधप्रद आहे. जुनी मॉडेलं त्यांच्याऐवजी पाणी आडवं-उभं नुसतं मिसळून टाकत. खऱ्या समुद्रात मात्र पाणी समान घनतेच्या तिरप्या थरांवरून सरकतं, ते थर ओलांडून सहसा जात नाही. चुकीच्या मिसळण्यामुळे मॉडेलचा समुद्र हळूहळू बिघडत जाई. हवेचं मॉडेल आणि समुद्राचं मॉडेल जोडलं की दोघं मिळून खऱ्या हवामानापासून दूर वाहून जात. उपाय म्हणून पृष्ठभागावर दरवर्षी थोडी उष्णता, थोडं गोडं पाणी वरून घालत किंवा काढून घेत. ही टेकू देण्याची पद्धत होती आणि सगळ्यांना तिची थोडी लाज वाटे. १९९० मध्ये पीटर जेंट आणि जेम्स मॅकविल्यम्स यांनी भोवरे तिरपे थर सपाट करतात, तो परिणाम सूत्रात पकडला. त्यानंतर, बाकीच्या सुधारणांच्या जोडीनं, दशकभरात बहुतेक आघाडीच्या मॉडेलांनी टेकू काढून टाकले.

तरी सूत्रांत ठोकळ आकडे उरतातच, आणि ते थोडेफार जुळवून घ्यावे लागतात. हे लपवण्यासारखं नाही. टीकाकार याला 'आकड्यांशी खेळ' म्हणतात. तो खेळ आहे, पण मैदान लहान आहे: आकडा मोजमापांनी ठरवलेल्या मर्यादेत राहिला पाहिजे, आणि एका ठिकाणी दुरुस्ती केली की दुसरीकडे दहा गोष्टी हलतात.

मॉडेल सुरू कुठून करतात?

मोजलेलं तापमान आणि क्षारता भरून, पाणी स्थिर ठेवून. मग ते स्वतःच्या तोलावर येईपर्यंत चालवत राहायचं. पृष्ठभाग काही दशकांत स्थिरावतो. खोल समुद्राला हजारो वर्षं लागतात. एवढं थांबायला वेळ नसतो, त्यामुळे अनेक प्रयोगांत खोलवरचा समुद्र अजून किंचित सरकत असतानाच खरं काम सुरू होतं, आणि नंतर तो सरकणारा भाग वजा केला जातो.

१९६९ मध्ये स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी पहिल्यांदा हवा आणि समुद्र जोडले तेव्हा त्यांनी युक्ती केली होती: हवेचं एक वर्ष आणि समुद्राची शंभर वर्षं बरोबरीनं चालवली. भूगोलही काल्पनिक, गोलाचा एक तुकडा, त्यात अर्धी जमीन आणि अर्धा समुद्र. मानाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हवामानातले चढउतार आणि हवामान बदल यांत फरक काय?

चढउतार म्हणजे बाहेरून कोणी न ढकलताही हवामान स्वतःच जे करतं ते. काही वर्षं उबदार, काही थंड. कधी पाऊस सरासरीच्या वर, कधी खाली. बदल म्हणजे बाहेरच्या कारणानं सरासरीच सरकणं: हरितगृह वायू, ज्वालामुखीची राख, सूर्यप्रकाशातला फरक. मोजणीच्या यंत्राला मात्र दोन्ही एकत्रच दिसतात. ते वेगळे करणं हेच मॉडेलांचं मुख्य काम आहे असं माझं मत आहे. भविष्य सांगणं त्याच्या नंतर येतं.

कोणी ढकललं नाही तर चढउतार येतात कुठून?

१९७६ मध्ये क्लाउस हासेलमान यांनी एक साधी कल्पना मांडली. रोजची हवा म्हणजे गोंगाट: आज वादळ, उद्या ऊन, परवा पुन्हा वारा, मागचा-पुढचा फारसा संबंध नाही. समुद्र हा गोंगाट साठवतो. त्याची ताकदच तशी आहे. सगळ्या वातावरणाला एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटरला पुरते, आणि खाली आणखी हजारो मीटर आहेत. नाणं उडवत राहा आणि छापा आला की एक पाऊल पुढे, काटा आला की एक मागे, असं चाला. प्रत्येक फेक स्वतंत्र आहे, तरी तुम्ही सुरुवातीच्या जागेपासून हळूहळू बरेच लांब जाता आणि बराच काळ लांबच राहता. समुद्राचं तापमानही तसंच भटकतं. म्हणजे दहा-वीस वर्षांचा चढ दिसला म्हणून त्याला दहा-वीस वर्षांचं कारण असलंच पाहिजे असं नाही. हासेलमान हेही २०२१ च्या नोबेलचे मानकरी.

मग एल निन्यो हाही नुसता गोंगाटच?

नाही, तिथे खरी यंत्रणा आहे. नेहमी पॅसिफिकमध्ये व्यापारी वारे उबदार पाणी पश्चिमेला लोटतात आणि पूर्वेला खालचं थंड पाणी वर येतं. पूर्व थंड, पश्चिम गरम, म्हणून वारे पुन्हा त्याच दिशेनं. हे चक्र स्वतःला पोसतं. आता वारे थोडे मंदावले तर उबदार पाणी पूर्वेकडे घसरतं, तापमानातला फरक कमी होतो, वारे आणखी मंदावतात. हाच एल निन्यो. गिल्बर्ट वॉकर यांनी १९२० च्या दशकात दोन टोकांच्या हवेच्या दाबातला हा झोपाळा आकडेवारीतून शोधला होता. त्याचा समुद्राशी असलेला धागा याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये जोडला.

पण मग तो संपतो कसा? पाण्याच्या आतल्या लाटांमुळे. पृष्ठभागाखाली, उबदार आणि थंड थरांच्या सीमेवर, एक लाट विषुववृत्तावरून पूर्वेला दोन-तीन महिन्यांत पॅसिफिक ओलांडते. दुसऱ्या प्रकारची लाट संथपणे पश्चिमेला जाते, काठावर आपटून परत फिरते आणि उलटा निरोप घेऊन येते. निरोप पोचायला लागणारा हा उशीरच एल निन्योला आवरतो. समुद्राला आठवण आहे, आणि ती लाटांमध्ये आहे.

१९८२-८३ चा मोठा एल निन्यो आला तेव्हा तो भरात येईपर्यंत तज्ज्ञांच्या नीट लक्षात आला नव्हता. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीची धूळ उपग्रहांचं तापमान मोजणं बिघडवत होती. मार्क केन आणि स्टीफन झेबियाक यांचं छोटंसं मॉडेल, ज्यात फक्त उष्ण कटिबंधातला पॅसिफिक होता, त्यानं १९८६ मध्ये पुढच्या एल निन्योचा अंदाज आधीच दिला. तो आला.

आठवड्यानंतरचा पाऊस सांगता येत नाही, मग महिन्यांनंतरचं किंवा दशकांनंतरचं कसं?

हाच तो सुरुवातीचा प्रश्न. उत्तर तीन तुकड्यांत आहे.

रोजची हवा सुरुवातीच्या स्थितीवर अवलंबून असते आणि छोटी चूक दोनेक आठवड्यांत सगळं गिळून टाकते. छोटी चूक अशी वाढत जाते हे एडवर्ड लोरेंझ यांनी १९६३ मध्ये दाखवलं. एल निन्योचा अंदाज सुरुवातीवरच अवलंबून आहे, पण समुद्राच्या सुरुवातीवर, आणि समुद्र विसरायला वेळ लावतो. म्हणून काही महिने मिळतात. (उत्तर गोलार्धातल्या वसंतात हा अंदाज डळमळतो. तो काळ ओलांडून पुढचं सांगणं आजही अवघड जातं.)

दशकांचा प्रश्न वेगळ्याच जातीचा. तिथे अमुक दिवशी काय होईल हे विचारलेलंच नसतं. पातेल्याखालची आच वाढवली तर बुडबुडा कुठे फुटेल हे सांगता येत नाही, पाणी लवकर उकळेल हे सांगता येतं.

एकच मॉडेल चाळीस-चाळीस वेळा का चालवतात?

अमेरिकेत एका हवामान मॉडेलचे असे चाळीस प्रयोग केले गेले. समीकरणं तीच, वायूंचं प्रमाण तेच. फरक फक्त सुरुवातीच्या हवेच्या तापमानात, आणि तोही दशांश चिन्हानंतर तेरा शून्यं आणि मग एक, एवढ्या अंशाचा. कुठल्याही थर्मामीटरला हा फरक कळणार नाही. तरी त्यातल्या पहिल्या तीस प्रयोगांत उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यांचा १९६३ ते २०१२ असा पन्नास वर्षांचा कल पाहिला, तर काही प्रयोगांत मोठे प्रदेश चांगलेच तापलेले आणि काहींत तेच प्रदेश थंड पडलेले!

पन्नास वर्षं, आणि तरीही नशिबाचा एवढा वाटा. सगळ्यांची सरासरी काढली की नशीब एकमेकांना काटतं आणि वायूंचा परिणाम स्वच्छ उरतो. आपण ज्या जगात राहतो तो मात्र एकच प्रयोग आहे, सरासरी नाही. एखाद्या प्रदेशात दहा वर्षं तापमान वाढलं नाही म्हणून कोणी मॉडेलं खोटी ठरवत असेल, किंवा दहा वर्षं भराभर वाढलं म्हणून घाबरवत असेल, तर मला दोन्ही वेळा हे तीस नकाशे समोर ठेवावेसे वाटतात.

हिंद महासागराचं द्विध्रुव, पॅसिफिकचं दशकी दोलन, अटलांटिकचं बहुदशकी दोलन... ही सगळी खरी दोलनं आहेत का?

नाव मिळालं म्हणजे यंत्रणा सिद्ध झाली असं नव्हे. हिंद महासागराच्या द्विध्रुवाचं, म्हणजे त्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानातल्या झोपाळ्याचं, वर्णन १९९९ मध्ये झालं, आणि त्यामागे वारा व समुद्र यांचं एकमेकांना पोसणं स्पष्ट दिसतं. २०१९ मध्ये तो फार तीव्र होता आणि पूर्व आफ्रिकेत पूर, ऑस्ट्रेलियात वणवे अशी दोन टोकं दिसली. पॅसिफिकच्या दशकी दोलनाला १९९० च्या दशकात, सॅमन माशांच्या पकडीतले चढउतार अभ्यासताना, नाव पडलं. ते एकच यंत्र नसून अनेक कारणांची बेरीज आहे, त्यात हासेलमानचा गोंगाटही आला. अटलांटिकच्या दोलनातला मोठा वाटा प्रदूषणाचे कण आणि ज्वालामुखी यांचाच आहे, असं काहींचं ठाम म्हणणं आहे. एमॉकच्या बदलांकडे बोट दाखवणारेही तेवढेच ठाम आहेत. दीडशे वर्षांच्या नोंदींत साठ-सत्तर वर्षांची लाट दोनदाच बसते. दोन उड्यांवरून झोपाळ्याची चाल ठरवणं धाडसाचं आहे.

मोजमापं कुठून येतात?

जुनी मोजमापं बादल्यांतून. जहाजावरून दोरीनं बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा. कापडी बादलीतलं पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनानं थंड होतं, लाकडी बादलीत कमी. नंतर इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजू लागले, ते किंचित गरम. दुसऱ्या महायुद्धात इंजिनवाल्या नोंदी वाढल्या, १९४५ नंतर बादलीवाल्या ब्रिटिश जहाजांच्या नोंदी पुन्हा आल्या, आणि आलेखात समुद्र एकदम थंड झाल्यासारखा दिसला. कितीतरी वर्षं लोक या उतरणीची कारणं मॉडेलांत शोधत होते. कारण बादलीत होतं.

आता परिस्थिती फारच बरी. १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रहापासून समुद्राची उंची सतत मोजली जाते. आर्गो नावाचे सुमारे चार हजार तरंगक समुद्रभर फिरतात: हजार मीटरवर वाहत राहायचं, दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारायची, तापमान आणि क्षारता मोजत वर यायचं, उपग्रहाला निरोप द्यायचा आणि पुन्हा खाली. बुडायला-तरंगायला पंखा नाही. तेल एका फुग्यात भरून किंवा काढून तो स्वतःचं आकारमान बदलतो.

अपघातानंही मोजमाप मिळतं. जानेवारी १९९२ मध्ये पॅसिफिकमध्ये एका मालवाहू जहाजावरून आंघोळीच्या वेळची सुमारे २८,८०० प्लास्टिकची खेळणी, त्यांत पिवळी बदकं, समुद्रात पडली. ती महिन्यांनी अलास्काच्या किनाऱ्याला लागू लागली, आणि पृष्ठभागावरच्या प्रवाहांचं मॉडेल तपासायला त्यांचा उपयोग झाला.

मॉडेल चुकतं कुठे?

बऱ्याच ठिकाणी. विषुववृत्तावरची थंड पाण्याची जीभ अनेक मॉडेलांत पश्चिमेला फार लांब जाते. पॅसिफिकमध्ये पावसाचा एक पट्टा असायला हवा तिथे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना दोन उमटतात. मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट अशी की गेल्या काही दशकांत पूर्व पॅसिफिकचा काही भाग तापायच्या ऐवजी थोडा थंडच राहिला, आणि बहुतेक मॉडेलांनी तिथे तापणं दाखवलं होतं. हा निव्वळ चढउतार आहे, की मॉडेलांत काही मूलभूत राहून गेलंय? दोन्ही बाजूंनी चांगली माणसं भांडतायत. शिवाय ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाची बर्फाची चादर समुद्राबरोबर वितळताना दाखवणारी मॉडेलं अजून थोडीच आहेत.

दुसऱ्या बाजूला, समुद्र एकूण किती उष्णता साठवतोय, जमीन समुद्रापेक्षा वेगानं तापेल, आर्क्टिक सर्वांत जास्त तापेल, हे मॉडेलांनी मोजमापांच्या आधी सांगितलं होतं. वाढीव उष्णतेतला ९० टक्क्यांहून जास्त वाटा समुद्रात गेला आहे.

गल्फ स्ट्रीम बंद पडणार आहे का?

नाही. वारा वाहतोय आणि पृथ्वी फिरतेय तोवर गल्फ स्ट्रीम आहे. बातम्यांत ज्याची काळजी असते तो एमॉक, आणि ती काळजी खरी आहे. २१ व्या शतकात तो मंदावेल याबद्दल आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीचा) २०२१ चा अहवाल जवळजवळ निःशंक आहे. २१०० च्या आधी तो अचानक कोसळणार नाही असंही तो म्हणतो, पण मध्यम विश्वासानं. 'मध्यम' हा शब्द मला फारसा दिलासा देत नाही.

त्याची सलग मोजणी अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तरेला २००४ पासूनच सुरू आहे. २००९-१० मध्ये तो सुमारे ३० टक्क्यांनी घसरला आणि नंतर सावरला. एवढी उडी एकट्या चढउतारांतून येऊ शकते, म्हणून वीस वर्षांच्या नोंदीतून कायमचा कल वेगळा काढणं अवघड आहे.

आता हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्ता करणार ना?

काही भाग नक्कीच. छोट्या भोवऱ्यांची सूत्रं बारीक मॉडेलांकडून शिकवून घेणं चांगलं चाललंय. पण न पाहिलेल्या हवामानाचं काय? शिकायला जे दिलं त्याच्या बाहेर ती यंत्रं किती टिकतील, हे अजून ठरायचंय.

घरच्या संगणकावर समुद्राचं मॉडेल चालवता येईल का?

येईल, आणि त्यासाठी हिशोबाची साधी स्प्रेडशीट पुरते. स्टॉमेलनं १९६१ मध्ये समुद्राचे फक्त दोन खोके केले: एक उष्ण प्रदेशातला, एक ध्रुवाकडचा. तापमानातला फरक पाणी एका दिशेला ओढतो, क्षारतेतला फरक उलट्या. तापमानाचा फरक एकवर पक्का ठेवा, क्षारतेच्या फरकाला क्ष म्हणा, ध्रुवाकडे पडणाऱ्या गोड्या पाण्याला ग म्हणा. प्रवाह म्हणजे १ वजा क्ष. प्रत्येक ओळीत लिहायचं:

नवा क्ष = जुना क्ष + ०.१ × (ग − |१ − क्ष| × क्ष)

क्ष शून्यापासून सुरू करा, ग ०.१ ठेवा, आणि सूत्र खाली ओढत न्या. प्रवाह ०.८९ च्या आसपास थांबेल. आधीच्या ओळी तशाच ठेवून पुढच्या ओळींपासून ग वाढवून ०.२४ करा (पुढचे बदलही असेच, शेवटच्या ओळीपासून पुढे), प्रवाह ०.६ वर येईल. मंदावला, पण ठीक चाललाय. आता ग ०.२६ करा. सुरुवातीला काहीच झालं नाही असं वाटेल. दीडशेहून जास्त ओळी क्ष ०.४ ते ०.६ च्या मध्येच रेंगाळेल. मग क्ष एकदम वर उडी घेईल आणि प्रवाह उलटा होईल, साधारण वजा ०.२१. घाबरून ग परत ०.२४ वर आणा. काही फरक नाही. ०.२ करा, ०.१ करा, जिथून सुरुवात केली होती तिथे. आकडा वजा ०.०९ वर बसेल आणि तिथेच राहील.